लाब्राडोरच्या किनाऱ्यावरील बिनपगारी विद्यार्थी

विद्येसाठीं परदेशीं जाणें ही गोष्ट आतां आपल्याकडे नवलाची राहिलेली नाहीं. परंतु ज्या परदेशगमनाचा विचार आम्ही प्रस्तुत लेखांत करणार आहों तें निराळ्या जातीचें आहे. त्यांत विद्यार्थी श्रीमंत देशांतून निघून गरीब प्रदेशांत जातो, कांहीं महिने विनावेतन राबतो, आणि तेथील मुलांचें आरोग्य व लोकांची राहणी यांची ओळख करून घेऊन परत येतो. पाश्चात्त्य विश्वविद्यालयांत हा प्रघात आज सर्रास आहे. त्याची स्तुति करणारे त्यास मानवसेवा म्हणतात. निंदक त्यास श्रीमंतांच्या मुलांची सहल म्हणतात. दोन्ही पक्षांस आपापल्या मताची इतकी खात्री असते कीं, पूर्वीं असे प्रयोग कोठें झाले व त्यांतून काय निष्पन्न झालें, हें पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. असा एक जुना व पुष्कळ वर्षें चाललेला प्रयोग उत्तर अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, लाब्राडोर व न्यूफाउंडलंड येथें, झाला. त्याचा इतिहास स्तुतिपाठकांस व निंदकांस सारखाच अडचणींत टाकणारा आहे, आणि म्हणूनच तो वाचकांपुढें मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम स्थळाची कल्पना येणें अवश्य आहे. नकाशावर पाहिलें तर न्यूफाउंडलंड बेटाच्या उत्तर टोंकाजवळचें सेंट अँथनी हें गांव व लंडन शहर हीं जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. परंतु लंडनास उबदार सागरप्रवाहाचा लाभ मिळतो, तर या किनाऱ्यास उत्तरेकडून बर्फ घेऊन येणारा थंड प्रवाह घांसून जातो. त्यामुळें वर्षाचे कित्येक महिने समुद्र गोठलेला असे, जहाजें बंद पडत, आणि गांवागांवांतील दळणवळण कुत्र्यांनीं ओढावयाच्या घसरगाड्यांवर चाले. शेती जवळजवळ नाहींच. इन्नू व इन्युइट हे तेथील मूळचे लोक. त्यांच्या जोडीस युरोपांतून येऊन राहिलेल्या कोळ्यांचे व सांपळे लावून केसाळ जनावरें धरणाऱ्यांचे वंशज. असे अवघे कांहीं हजार लोक लाब्राडोरच्या शेंकडों मैलांच्या किनाऱ्यावर विखुरलेले होते. उन्हाळा लागला म्हणजे न्यूफाउंडलंडाहून हजारों कोळी गलबतांतून कॉड मासा धरण्यास तेथें येत व थंडी पडूं लागतांच परत जात. हा सर्व प्रदेश त्या काळीं कॅनडाचा भाग नव्हता. ब्रिटिश साम्राज्यांतील ती एक निराळी वसाहत होती, आणि कॅनडांत ती १९४९ सालीं सामील झाली.

खारवून वाळविलेला कॉड मासा स्पेन, पोर्तुगाल, ब्राझील व वेस्ट इंडीज बेटें येथें विकला जाई. या व्यापारांत पैसा पुष्कळ होता, पण तो कोळ्याच्या हातीं लागत नसे. वसंत ऋतूंत व्यापारी कोळ्यास पीठ, काकवी, चहा, मीठ, दोर व जाळीं उधार देई आणि शरद ऋतूंत त्याचा सगळा मासा घेऊन हिशेब करी. मालाचा भावहि व्यापाऱ्यानेंच ठरवावयाचा व माशाचाहि त्यानेंच. हिशेब संपे तेव्हां कोळ्याच्या नांवावर बहुधा बाकी निघे, व ती फेडण्यासाठीं पुढच्या वसंतांत पुन्हां त्याच दुकानाची पायरी चढावी लागे. नगद नाणें पाहिल्यावांचून सबंध आयुष्य काढलेले लोक तेथें होते. आपल्याकडील कुळांस सावकाराच्या वहीचा जो अनुभव आहे तो ज्यांनीं ऐकला असेल त्यांस हा प्रकार अधिक फोडून सांगावयास नको. ही वही वाचकांनीं लक्षांत ठेवावी. तिचा संबंध पुढें मुलांच्या हाडांशीं येणार आहे.

१८९२ च्या उन्हाळ्यांत 'आल्बर्ट' नांवाचें जहाज या किनाऱ्यास लागलें. खोल समुद्रांतील कोळ्यांसाठीं काम करणाऱ्या एका इंग्रज मिशननें तें पाठविलें होतें, व त्यावर विल्फ्रेड ग्रेनफेल हा २७ वर्षांचा डॉक्टर होता. त्या एका उन्हाळ्यांत त्यानें सुमारें ९०० रोगी तपासले. पुढच्याच वर्षीं दोन डॉक्टर व दोन परिचारिका घेऊन तो परत आला आणि बॅटल हार्बर येथें पहिलें इस्पितळ निघालें. १८९४ सालीं इंडियन हार्बर येथें दुसरें निघालें, आणि पुढें सेंट अँथनी हें कार्याचें मुख्य ठाणें झालें. १९१४ सालीं या सर्व कार्यासाठीं इंटरनॅशनल ग्रेनफेल असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. ग्रेनफेल हा कुशल डॉक्टर होताच, पण त्याची खरी शक्ति वाणींत होती. अमेरिकेंत व इंग्लंडांत फिरून, जादूच्या कंदिलाचीं चित्रें दाखवीत, तो लाब्राडोरची हकीकत सांगे. ती ऐकून पैसे देणारे पुष्कळ निघाले. पण त्याहून विशेष हें कीं स्वतः येतों म्हणणारे तरुण निघाले.

या तरुणांस त्या किनाऱ्यावर 'वॉप' असें नांव पडलें. 'विदाउट पे', म्हणजे बिनपगारी, या इंग्रजी शब्दांतील अक्षरें घेऊन तें बनविलें होतें. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन अशा नामांकित विश्वविद्यालयांतील हे विद्यार्थी. पुढें तरुणीहि येऊं लागल्या. वेतन तर नसेच, उलट जाण्यायेण्याचा खर्चहि बहुधा पदरचा असे. त्यांनीं जहाजांतून कोळसा उतरविला, पाण्याच्या नळासाठीं चर खणले, इमारतींचें सामान वाहिलें, इस्पितळाच्या बोटीवर खलाशाचें काम केलें. वैद्यकाचे विद्यार्थी डॉक्टरांचे मदतनीस होत; तरुणी उन्हाळी शाळा चालवीत व लहान मुलांची देखभाल करीत.

या श्रमाची किंमत पैशांत मोजूं गेल्यास ती फारशी भरणार नाहीं. ज्यानें घरीं कधीं कुदळ हातीं धरली नव्हती त्यानें खणलेला चर तेथील कोळ्यानें निम्म्या वेळांत व अधिक सरळ खणला असता, आणि त्या मजुरीनें त्याच्या घरीं चार पिशव्या पीठ आलें असतें. हा आक्षेप खरा आहे व तो आम्ही टाळूं इच्छीत नाहीं. परंतु एवढ्यावरून हा सर्व खटाटोप व्यर्थ होता असें ठरवण्यापूर्वीं, त्या विद्यार्थ्यांच्या व तरुण डॉक्टरांच्या डोळ्यांस तेथें काय पडलें, आणि त्यांतील कांहींनीं पाहिलेल्या गोष्टीचें पुढें काय केलें, हें पाहणें न्यायाचें होईल.

घरांत शिरल्यावर प्रथम दिसत तीं मुलें. कोणाच्या पायांचीं हाडें धनुष्यासारखीं वांकलेलीं, कोणाच्या मानेवर क्षयाच्या गांठी, कोणाच्या पाठीचा कणा त्याच रोगानें वांकलेला. दांत लहानपणींच किडलेले. टेबलावर पाव, चहा व काकवी. जोडीस खारा मासा, कधीं खारवलेलें मांस, थोडे बटाटे व वाळलेले वाटाणे. शरद ऋतूंत रानांतील बोरांसारखीं फळें वेंचून ठेवलेलीं असत, पण हिवाळा लांबला म्हणजे तींहि संपत. मुलास दूध द्यावें तर गाय नव्हती. कारण हिवाळ्यांत घसरगाडीस जे कुत्रे लागत तेच गुरांमेंढरांवर तुटून पडत, आणि कुत्र्यांवांचून तर चालणें शक्य नव्हतें. मुलांस दूध मिळावें म्हणून ग्रेनफेलनें लॅपलंडाहून सुमारें ३०० रेनडियर आणविले. १९०८ च्या आरंभीं ते सेंट अँथनीस उतरले. कळप कांहीं वर्षें वाढला, परंतु चोरट्या शिकारीनें व इतर अडचणींनीं तो पुढें खालावला, व दहा वर्षांच्या आंत ती योजना संपली. योजना दयाळूपणाची होती यांत संशय नाहीं. पण ज्यांच्यासाठीं ती केली त्यांच्या कुत्र्यांच्या, बंदुकींच्या व पोटाच्या गरजांशीं तिचा मेळ बसला नाहीं.

मुडदुसाची गोष्ट याहूनहि चमत्कारिक आहे. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ ते १९२२ या काळांत हॅरिएट चिक ही इंग्रज संशोधिका आपल्या सहकाऱ्यांसह व्हिएन्ना येथें राहिली. उपासमारीनें गांजलेल्या त्या शहरांत, तेथील बालरुग्णालयांत, तिनें दाखवून दिलें कीं, कॉड माशाच्या यकृताचें तेल पाजल्यानें किंवा सूर्यप्रकाश लाभल्यानें मुलांचा मुडदूस टळतो व बराहि होतो. अशा रीतीनें एका देशांतील अभ्यासक दुसऱ्या देशांतील मुलांच्या उशाशीं बसून जें शिकले तें सर्व जगाच्या उपयोगीं पडलें. आतां हें तेल येई कोठून? इतर देशांप्रमाणें न्यूफाउंडलंडाच्या किनाऱ्यावरूनहि तें परदेशीं विकलें जाई. ज्या घरच्या बापानें तो मासा धरला त्याच घरांत मुलांचे पाय वांकत होते! औषध दारांत होतें. तें औषध आहे हें सांगणारें व मुलास तें नियमानें देण्याची व्यवस्था करणारें मात्र कोणी नव्हतें.

परंतु ज्या रोगाच्या शोधानें या किनाऱ्याचें नांव आहारशास्त्राच्या इतिहासांत कायम राहिलें तो बेरीबेरी होय. त्यांत पायांतील शक्ति जाते, अंगास सूज येते व हृदय थकून रोगी दगावतो. हा रोग भात खाणाऱ्या पौर्वात्य लोकांचा अशी सर्वसाधारण समजूत होती. जावा बेटांत आइकमान या डच डॉक्टरास १८९० नंतरच्या दशकांत कोंबड्यांवरून असें दिसून आलें होतें कीं, सडून पांढऱ्या केलेल्या तांदळावर ठेवल्यास तसाच विकार होतो व कोंडा दिल्यास तो जातो. या शोधाबद्दल त्यास पुढें १९२९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. लाब्राडोरचा कोळी तर भात खात नव्हता. मग त्यास बेरीबेरी कां व्हावा? १९०७ सालीं बॉस्टनहून आलेला जॉन मेसन लिट्ल हा शस्त्रवैद्य सेंट अँथनीस बरींच वर्षें राहिला व या प्रश्नाच्या मागें लागला. १९१२ सालीं त्यानें आपलें उत्तर अमेरिकन वैद्यकीय मासिकांत प्रसिद्ध केलें: गिरणींत कोंडा व अंकुर काढून टाकलेलें बारीक पांढरें पीठ हेंच कारण. त्याच्या पुष्ट्यर्थ एक अपघातहि कामास आला. १९१० सालीं कोंड्यासकट दळलेलें पीठ घेऊन जाणारें एक जहाज किनाऱ्यावर रुतलें, व तें हलकें करण्यासाठीं कांहीं पीठ उतरवून घ्यावें लागलें. तें आसपासच्या लोकांनीं खाल्लें. आणि त्या भागांत पुढें वर्षभर बेरीबेरीचा रोगी आढळला नाहीं. ज्या गोष्टीस प्रयोगशाळेंत वर्षें लागावीं ती समुद्रानें एका तडाख्यांत सिद्ध करून दिली.

लिट्लच्या मागून इतरांनीं हा धागा उचलला. विव्हिया ॲपलटन या स्त्री-डॉक्टरनें १९२१ सालीं लाब्राडोरमधील अपुऱ्या आहाराच्या रोगांविषयीं, व हेलन मिचेल या आहारशास्त्रज्ञेनें १९३० सालीं तेथील अन्नाविषयीं लेख लिहिले. त्याच १९३० सालीं वॉलेस एक्रॉइड या तरुण डॉक्टराचा 'जर्नल ऑफ हायजीन' मधील विस्तृत निबंध बाहेर पडला. एक्रॉइड हा १८९९ सालीं जन्मलेला, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचा पदवीधर. न्यूफाउंडलंडांत कांहीं काळ काम करीत असतां त्याचें लक्ष रोग्यांवरून त्यांच्या ताटाकडे वळलें. कुटुंबांत माणसें किती, हिवाळ्यासाठीं पिठाचीं पिंपें किती भरलीं, बटाटे कोणत्या महिन्यांत संपले, मासे केव्हां मिळाले, अशा साध्या प्रश्नांतून रोगाचा उलगडा होत गेला. हिवाळ्याच्या अखेरीस व वसंताच्या तोंडीं, म्हणजे सांठा संपून पीठ व चहा एवढेंच उरे तेव्हां, बेरीबेरी डोकें वर काढी.

मग लोक पांढरेंच पीठ कां घेत? येथें आम्ही ज्या वहीचा उल्लेख केला ती पुन्हां समोर येते. कोंड्यासकट पिठास लवकर खंवट वास येतो. पांढरें पीठ टिकतें. म्हणून लांबच्या वाहतुकीस व दुकानांत सांठविण्यास व्यापारी पांढरेंच पसंत करी, आणि उधारीवर घेणाऱ्यास निवड कसली? शिवाय पांढरा पाव ही प्रतिष्ठेचीहि खूण झालेली. म्हणजे मुलाच्या दुखण्याचें एक टोंक इस्पितळाच्या खाटेवर होतें व दुसरें दुकानदाराच्या खात्यांत. ग्रेनफेलनें हें फार लवकर ओळखलें होतें. १८९६ सालींच त्यानें रेड बे येथें सहकारी दुकान काढण्यास लोकांस साह्य केलें, व त्याबद्दल व्यापाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. औषध वांटणाऱ्या डॉक्टरावर कोणी रागावत नाहीं; हिशेब विचारणाऱ्या डॉक्टरावर मात्र रागावतात, हा अनुभव सर्वत्र सारखाच आहे.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदींत माशाचा भाव कोसळला व वसाहतीचें दिवाळें निघण्याची पाळी आली. १९३४ सालीं तेथील स्वराज्य स्थगित होऊन लंडनहून नेमलेल्या मंडळाचा कारभार सुरू झाला. हजारों कुटुंबें सरकारी मदतीवर होतीं, व ती मदत माणशीं दिवसास सुमारें सहा सेंट एवढी तुटपुंजी होती. सरकारनें या मदतींत पांढऱ्या पिठाऐवजीं कोंड्याचें तांबूस पीठ देण्यास आरंभ केला. शास्त्रदृष्ट्या हें योग्यच होतें. पण लोकांस तें रुचलें नाहीं. पांढरें पीठ विकत घेणाऱ्याचें व तांबूस पीठ मदत खाणाऱ्याचें असा भेद झाल्यामुळें, जें पोटास हितकर तेंच भिकेचें चिन्ह ठरलें. खरा मार्ग १९४४ सालीं सांपडला. त्या वर्षीं सर्वांच्याच पांढऱ्या पिठांत जीवनसत्त्वें व लोह मिसळणें सक्तीचें झालें. त्यामुळें गरीब व श्रीमंत यांचा पाव एकच राहिला व लाज कोणाच्याच वांट्यास आली नाहीं. १९४४ सालीं वैद्यकीय पाहणी झाली होती. १९४८ सालीं ती पुन्हां करण्यांत आली, व या दुसऱ्या पाहणीच्या डॉक्टरांत एक्रॉइडहि होता. जीवनसत्त्वांच्या अभावाचीं लक्षणें कमी झालेलीं आढळलीं. हें यश एकट्या पिठाचें नव्हे. युद्धकाळांत अमेरिकन व कॅनेडियन तळांवर रोख मजुरी मिळूं लागली होती, व उधारीच्या वहीची पकड सुटूं लागली होती, हेंहि विसरतां कामा नये.

या हकीकतीशीं आपला संबंध एक्रॉइडमुळेंच येतो. १९३५ सालीं तो दक्षिण हिंदुस्थानांत कुन्नूर येथील आहारसंशोधनशाळेचा संचालक होऊन आला व १९४५ पर्यंत त्या जागीं होता. न्यूफाउंडलंडांत जें पांढऱ्या पिठाचें तेंच येथें गिरणींत सडलेल्या तांदळाचें, हें ओळखण्यास त्यास वेळ लागला नाहीं. आंध्राच्या किनाऱ्यावरील जिल्ह्यांत बेरीबेरी होता. आणि जेथें भात उकडून मग सडण्याची चाल होती तेथें तो दिसत नसे, कारण उकडतांना कोंड्यांतील जीवनसत्त्व दाण्याच्या आंत मुरतें. कोंकणांत व गोव्यांत उकड्या तांदळाची पेज पिणाऱ्या आपल्या आजीपणजींनीं हें शास्त्र न वाचतां पाळलें होतें. १९३७ सालीं कुन्नूरहून हिंदी अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका निघाली, आणि आपल्याकडे आज ज्वारी, बाजरी, नाचणी यांतील लोह व कॅल्शियम यांचीं जीं कोष्टकें छापलीं जातात त्यांची पूर्वज ती पुस्तिका होय. बंगालच्या दुष्काळाची चौकशी करणाऱ्या मंडळांतहि एक्रॉइड होता. ती संशोधनशाळा पुढें हैदराबादेस गेली, व डॉ. वि. ना. पटवर्धन हेहि तिचे संचालक होते. लाब्राडोरच्या बर्फांत विचारलेला प्रश्न अशा रीतीनें आपल्या भाताच्या पातेल्यापर्यंत येऊन पोंचला.

येथवर जें सांगितलें त्यानें स्तुतिपाठक संतुष्ट होतील. परंतु इतिहासाची दुसरी बाजू झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ग्रेनफेलच्या व्याख्यानांवर न्यूफाउंडलंडांतच टीका होत असे. आपल्या देशाचें दारिद्र्य परक्यांच्या सभागृहांत पडद्यावर दाखवून वर्गणी गोळा केली जाते, याचें तेथील पुष्कळ लोकांस वैषम्य वाटे. आर्चबिशप हाउली यांनीं तर उघड विरोध केला. ज्या आईच्या मुलाचें चित्र दाखविलें तिची परवानगी कोणी घेतली, हा प्रश्न तेव्हां फारसा विचारला गेला नाहीं. आज तो विचारला जातो, आणि विचारला जावा.

याहून गंभीर गोष्ट शाळांची आहे. १९१८ च्या शरदांत मोरेव्हियन मिशनचें 'हार्मनी' नांवाचें जहाज, नेहमींप्रमाणें माल घेऊन, उत्तर लाब्राडोरच्या इन्युइट वस्त्यांस लागलें, व त्याबरोबर इन्फ्ल्यूएंझाची सांथ आली. ओकाक या एका गांवीं सुमारें २६० वस्तींपैकीं २०० हून अधिक माणसें मेलीं व तें गांवच उठलें. मदत घेऊन येणाऱ्याच्या जहाजांतून काय काय उतरतें याचें याहून भयंकर उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. पोरक्या मुलांचा प्रश्न उभा राहिला, आणि त्यांस एकत्र ठेवून शिकविणाऱ्या वसतिशाळा वाढल्या. नॉर्थवेस्ट रिव्हर येथें येल विश्वविद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या साह्यानें जी शाळा उभी राहिली तिचें नांवच 'येल स्कूल' पडलें. बांधणाऱ्यांचा हेतु चांगला होता याविषयीं आम्ही शंका घेत नाहीं. परंतु अशा शाळांत पुढें केवळ पोरकींच नव्हेत, तर आईबाप असलेलीं मूळ रहिवाशांचीं मुलेंहि घरापासून दूर ठेवण्यांत आलीं. कित्येकांची मातृभाषा सुटली, आणि कित्येकांस तेथें छळ सोसावा लागला. त्या विद्यार्थ्यांनीं वृद्धपणीं न्यायालयाचा आश्रय घेतला. २०१६ सालीं ५ कोटी डॉलरांची तडजोड झाली, व २४ नोव्हेंबर २०१७ रोजीं कॅनडाचे पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनीं लाब्राडोरमधील हॅपी व्हॅली-गूज बे येथें जाऊन पांच शाळांबद्दल जाहीर क्षमा मागितली. त्या पांचांत सेंट अँथनीचें अनाथाश्रम व वसतिशाळा आहे, आणि येल स्कूलहि आहे. इन्नू लोकांच्या नेत्यांनीं ती क्षमायाचना अपुरी म्हणून स्वीकारली नाहीं.

मग एकाच किनाऱ्यावर, एकाच संस्थेच्या छायेंत, पिठाचा शोध व शाळांचें दुःख हीं दोन्ही कशीं निपजलीं? आमच्या मतें फरक हेतूंत नव्हता. तो विद्यार्थीपणांत होता. पिठाच्या बाबतींत आलेला मनुष्य शिकत होता. त्यास उत्तर ठाऊक नव्हतें, म्हणून त्यानें घरोघरीं विचारलें. लोकांच्या ताटांत, पिंपांत व हिशेबांत त्यास तें सांपडलें. शाळेच्या बाबतींत आलेल्यास वाटलें कीं उत्तर आपण घरून घेऊन आलों आहों. मुलास काय पाहिजे हें त्याच्या आईस विचारण्याचें कारण उरलें नाहीं. पहिल्यानें रोगाचें कारण शोधतां शोधतां व्यापाराच्या वहीपर्यंत मजल मारली. दुसऱ्यानें दारिद्र्याचें कारण घरांतच आहे असें धरून मुलासच घराबाहेर काढलें.

काळाचाहि प्रश्न आहे. पिठाचें कोडें दोन महिन्यांच्या उन्हाळी पाहुण्यास सुटणें कठीणच होतें, कारण बेरीबेरी हिवाळ्याच्या शेवटीं येई व पाहुणे बर्फ वितळल्यावर येत. उन्हाळ्यांत ताजा मासा असतो, फळें असतात, मुलें उन्हांत खेळत असतात. जो हिवाळ्यास राहिला त्यासच किनाऱ्याचें खरें रूप दिसलें. इलियट मेरिक हा १९२९ सालीं असाच बिनपगारी म्हणून आला व उन्हाळा संपल्यावर राहिला; नॉर्थवेस्ट रिव्हर येथें त्यानें शिकविलें, आणि शिकाऱ्यांबरोबर बर्फांतून हिंडून त्यांच्यापाशीं तो स्वतः शिकला. त्याचें १९३३ चें 'ट्रू नॉर्थ' हें पुस्तक त्या हिंडण्यांतूनच निघालें.

आपल्याकडील अनुभवहि याच दिशेस बोट दाखवितो. रजनीकांत व मेबल आरोळे हें डॉक्टर दांपत्य अमेरिकेंतील जॉन्स हॉप्किन्स विश्वविद्यालयांत सार्वजनिक आरोग्य शिकून आलें, व १९७० सालीं त्यांनीं नगर जिल्ह्यांतील जामखेड येथें काम सुरू केलें. तेथें अल्पशिक्षित, कांहीं तर निरक्षर, अशा खेड्यांतील स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या, आणि बाळाचें वजन, बाळंतपण, जुलाब, पिण्याचें पाणी या गोष्टी त्यांनीं आपल्या हातीं घेतल्या. परदेशांतील विद्यार्थी जामखेडास येतात, पण तेथें त्यांस मिळणारे गुरु या स्त्रिया असतात. मूल कां आजारी पडलें हें सांगतांना अशी बाई औषधाबरोबर विहिरीविषयींहि बोलते, जातीविषयीं बोलते, रोजगाराविषयीं बोलते. एक्रॉइडनें जें निबंध लिहून मांडलें तें ती ओट्यावर बसून सांगते. येणारा विद्यार्थी जर मान खालीं घालून ऐकेल तर त्याचें भाडें वसूल झालें असें म्हणावयास हरकत नाहीं.

तेव्हां विद्यार्थ्यांनीं अशा कामासाठीं परदेशीं जावें कीं नाहीं? आमचें उत्तर असें कीं, जावें. पण देणारा म्हणून जाऊं नये. वीस वर्षांच्या मुलाजवळ देण्यासारखें फार थोडें असतें, व तें थोडें देतांना त्यास आपण फार देत आहों असा भ्रम होण्याचा संभव असतो. घेण्यासारखें मात्र त्यास पुष्कळ असतें, आणि घेतलेल्याचें ऋण असतें. तें ऋण मानणारा विद्यार्थी परत गेल्यावर पडद्यावर चित्रें दाखवून थांबत नाहीं; पीठ कोण दळतो, दूध कोण विकतो, हिशेब कोण लिहितो, हें तो आपल्या देशाच्या बाजारांत व कायदेमंडळांतहि विचारीत राहतो. लाब्राडोरच्या मुलांचे पाय ज्या दिवशीं सरळ वाढूं लागले त्या दिवसाचें श्रेय कुदळीनें चर खणणाऱ्यांपेक्षां असा प्रश्न विचारणाऱ्यांस अधिक आहे. आणि येल स्कूलमधील ज्या मुलांनीं वृद्ध होऊन आपली हकीकत स्वतःच्या तोंडानें सांगितली, त्यांच्याकडून शिकण्याचें काम अजून पुरें झालेलें नाहीं.